कुंडलिकेच्या खाडीची नोंद वर्षानुवर्षं ठेवायची आहे, सुरुवात कशी करावी?

खाडीकाठ
राहतो कोथरूडला, गाव रेवदंड्याच्या खाडीकाठी. गावी गेलं की एकच बोलणं कानावर येतं: खाडी पूर्वीची राहिली नाही. बोय कमी झाली, कालवं मिळत नाहीत, जिताड्याची पिल्लं शोधावी लागतात. काका म्हणतात पाणी बिघडलं. शेजारचे म्हणतात जाळी बारीक झाली. तिसरा म्हणतो गाळ वाढला. तिघंही मनापासून सांगतात आणि तिघांकडेही कागदावर काही नाही.

आम्ही काही पुणेकर गाववाले आता ठरवतोय की पुढची निदान दहा वर्षं खाडीची नोंद नीट ठेवायची: पाणी, गाळ, मासे, तिवरांची (खारफुटीची) हालत. पैसे फार नाहीत, चिकाटी आहे. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी सकाळी जाऊन नमुने घ्यावेत असा विचार आहे. काय मोजावं, कशानं मोजावं, कुठे चुकायला होतं? ज्यांनी असं काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा.

पेठकरी
हेतू चांगला आहे, पण मुठा दारात असताना रेवदंड्यापर्यंत कशाला जायचं? विठ्ठलवाडीपासून बंडगार्डनपर्यंत चालत गेलात तरी दहा वर्षांचं काम मिळेल.

सह्यवारा
पेठकरी, मुठेचं काम व्हायलाच हवं. पण कुंडलिका पुण्याला परकी नाही. मुळशीच्या धरणात अडलेलं मुळेचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं. १९२७ सालापासून उतरतंय. तिथून ते कुंडलिकेत जातं. कोलाडला सकाळी राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. पुढे रोहा आणि मग रेवदंड्याची खाडी. सेनापती बापटांनी १९२१ साली मुळशीत सत्याग्रह केला तो ज्या धरणासाठी, त्याच धरणाचं पाणी आज खाडीत मिसळतंय.

म्हणजे मुळशीत पडलेल्या पावसाचा एक वाटा अरबी समुद्रात जातो आणि उरलेला पुण्यातून भीमेत, उजनीत, कृष्णेत आणि शेवटी आंध्रात बंगालच्या उपसागरात. एकाच नदीच्या दोन वाटा, दोन समुद्रांना. त्यातल्या एकीची तरी नोंद कुणी ठेवत असेल तर पुणेकरांनी हात लावलाच पाहिजे.

पेठकरी
हे माहीत नव्हतं. मग माझा विरोध मागे. तरी मुठेचा धागा वेगळा काढणार आहे, तिथे सगळ्यांनी यायचं.

भांगउधाण
खाडीकाठ, मूळ प्रश्नाकडे येतो. 'पहिला रविवार' ही कल्पना आत्ताच सोडा. सगळं काम तिथेच फसेल.

कारण सांगतो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळपास सहा तास सरकते. म्हणजे या रविवारी सकाळी दहाला पूर्ण भरती असेल, तर पुढच्या रविवारी दहाला पूर्ण ओहोटी. महिन्यानं गेलात तरी तीच गत, कधी उधाण (मोठी भरती), कधी भांग (लहान भरती). भरतीला बाटलीत समुद्र येतो, ओहोटीला नदी येते. दोन्हींची क्षारता वेगळी, गढूळपणा वेगळा, त्यात विरघळलेला प्राणवायू वेगळा. वर्षाअखेरीला तुमच्या आलेखात जो चढउतार दिसेल तो खाडीच्या तब्येतीचा नसेल, चंद्राचा असेल. आणि तो बघून कुणीतरी 'प्रदूषण वाढलं' अशी बातमी करेल.

नोंद तिथीनं ठेवा. कोकणातला जुना हिशोब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दोन्ही पक्षांत तोच हिशोब. मिनिटांचा फरक पडतो, खाडीत आत गेलं की भरती आणखी उशिरा पोचते, पण ठोकळमानानं मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला हे बसतं. याचा अर्थ असा की एकाच तिथीला भरती घड्याळात जवळपास त्याच वेळी येते.

याचा दुसरा फायदा अजून मोठा आहे. पाण्यातला प्राणवायू दिवसभरात बदलतो. शेवाळ आणि पाण्यातले सूक्ष्म वनस्पतिप्लवक उन्हात प्राणवायू सोडतात, म्हणून दुपारी आकडा चढतो. रात्रभर सगळेच श्वास घेतात, म्हणून पहाटे तो तळाला असतो. त्यामुळे नमुन्याची घड्याळातली वेळ सारखी हवी आणि भरतीची अवस्थाही सारखी हवी. इंग्रजी तारीख किंवा वार धरला तर या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत. तिथी धरली की दोन्ही आपोआप जमतात.

वाचनमात्र
तिथी वगैरे आणलं की शास्त्रीय काम राहतं का? उद्या मुहूर्त बघून बाटल्या भरायच्या?

भांगउधाण
तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं १२ अंशांचं अंतर. ३० तिथी म्हणजे ३६० अंश. भरती-ओहोटी ज्या गोष्टीवर चालते नेमकी तीच गोष्ट तिथी मोजते. मुहूर्ताचा यात काही संबंध नाही, शुद्ध खगोल आहे. खात्रीसाठी भरतीचं अधिकृत वेळापत्रक हाताशी ठेवा आणि दोन्ही जुळवा.

अष्टमीकर
मी रोह्याची, आता हडपसरला. भांगउधाण यांच्या सांगण्यावर एक सुचवते. एकादशी आणि संकष्टी धरा. एकादशीला सकाळी सव्वाआठच्या आसपास भरती भरते आणि भांग नुकताच सरत असतो, पाणी शांत असतं. संकष्टीला भरती तीनची, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या सुमाराला पाणी पूर्ण ओसरलेलं असतं. गाळ उघडा पडतो, निवट्या (चिखलावर सरपटणारे मासे), चिंबोऱ्यांची बिळं, तिवरांची मुळं सगळं दिसतं. एक दिवस पाण्यासाठी, एक दिवस चिखलासाठी. आणि हे दोन दिवस कोकणातल्या कुठल्याही घरात वेगळे लक्षात ठेवावे लागत नाहीत.

जिताडाप्रेमी
एकादशीला खाडीवर आणि ताटात वरीचे तांदूळ! बाकी योजना मान्य आहे, जिताडा द्वादशीला.

खाडीकाठ
हे सोनं सांगितलंत. आमच्या काकूंना आता वेळापत्रक समजावून सांगावं लागणार नाही. पण नोकरीवाल्यांनी मधल्या वारी पुण्याहून कसं जायचं?

अष्टमीकर
जाऊच नका. नमुने गावातल्यांनी घ्यायचे. शाळेतले शिक्षक, होडी असलेलं एखादं घर, कॉलेजात जाणारी मुलं-मुली. पुण्यातल्यांनी रसायनं, दुरुस्ती, हिशोब, आलेख सांभाळायचे. जो रोज खाडीकडे बघतो त्याच्याच हातात वही असली तर ती टिकते. आणि त्या मुलांना त्याचे पैसे द्या. फुकटची सेवा पहिल्या पावसाळ्यात बंद पडते.

रसशाळा
पाणी तपासण्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

सुरुवातीला चारच गोष्टी घ्या: तापमान, क्षारता, पारदर्शकता, विरघळलेला प्राणवायू. क्षारतेला हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून रेघ वाचायची. खुल्या समुद्रात किलोमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. तुमच्याकडे श्रावणात वरच्या अंगाला ते शून्याला टेकेल आणि वैशाखात चढेल. दर वेळी आधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य तपासा, तपासल्याचं वहीत लिहा.

पारदर्शकतेला सेकी तबकडी. काळी-पांढरी थाळी, दोरीला खुणा, दिसेनाशी होते ती खोली लिहायची. इटलीच्या सेकी यांनी १८६५ मध्ये वापरली, आजही जगभर वापरतात. बिघडण्यासारखं तिच्यात काही नाही, म्हणून दीडशे वर्षांपूर्वीचा आकडा आजच्या शेजारी ठेवता येतो.

प्राणवायूला मीटर घेऊ नका, निदान एकटा मीटर नको. खाऱ्या हवेत त्याचं पटल खराब होतं आणि आकडा हळूहळू घसरत जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. विंकलरची पद्धत शिका, १८८८ सालची आहे आणि अजून तीच कसोटी मानतात. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली तोंडापर्यंत भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. जागेवरच मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायची. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. आत कुरमुऱ्यासारखे गुठळे धरतात. ते तपकिरी असले तर प्राणवायू आहे, जितका गडद तितका जास्त. पांढरेच राहिले तर त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. गावातल्या माणसाला खाडीची अवस्था दाखवायला ही एक बाटली पुरते. पुढे आम्ल टाकून, थायोसल्फेट आणि स्टार्चनं निळा रंग जाईपर्यंत मोजणी. ती संध्याकाळी घरी केली तरी चालते, बाटली अंधारात ठेवायची.

एक लक्षात ठेवा. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८. म्हणून क्षारता आणि तापमान न लिहिता नुसता प्राणवायूचा आकडा लिहिलात तर त्याचा काहीही अर्थ लागत नाही. आणि वरचं पाणी व तळाचं पाणी वेगळं घ्या. गोडं हलकं, ते वर तरंगतं. खारं जड, ते तळानं पाचरीसारखं आत शिरतं. तळातलं पाणी गुदमरलेलं असताना वरची बाटली उत्तम दाखवते.

पेठकरी
बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते ते, नाही मोजायचं? मुठेच्या बातम्यांत तोच आकडा असतो.

रसशाळा
मोजा, पण वर्षातून तीन-चार वेळा, चांगल्या प्रयोगशाळेकडून. आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस ठेवून करतात, जुन्या पद्धतीत २० अंशांना पाच दिवस. जुने आकडे मिळाले तर कुठल्या पद्धतीचे ते आधी बघा. आंघोळीच्या पाण्याला आपल्याकडची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम, हे मुठेसाठी सांगितलं.

नियमबोला
हे सगळं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम आहे. त्यांची नमुने घ्यायची ठाणी आहेत, आकडे प्रसिद्ध होतात. हौशी लोकांचे आकडे कोर्टात टिकत नाहीत.

रसशाळा
मंडळाचे आकडे जरूर घ्या, ते शेजारच्या रकान्यात लिहा. पण एका ठाण्याचा महिन्यातला एक नमुना खाडी सांगत नाही. हौशी आकडे टिकतात की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: दर दहा बाटल्यांमागे एक जोडनमुना (त्याच जागी, त्याच वेळी भरलेली दुसरी बाटली) घेतला का, आणि वर्षातून एकदा तोच नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेला पाठवून ताडला का. हे केलंत तर कुणीही ऐकेल.

नियमबोला
जोडनमुन्याचं पटलं. 'कोर्टात टिकत नाहीत' या मतावर मी अजून कायम आहे, पण कोर्ट हा तुमचा उद्देश नसेल तर वाद नाही.

निवटी
पाण्याबद्दल खूप झालं, आता चिखलाबद्दल. पाणी सहा तासांत बदलतं, चिखलातले जीव कुठे जात नाहीत. गेल्या काही महिन्यांत खाडीला काय सोसावं लागलं ते तेच सांगतात. ठरलेल्या जागी ठरलेल्या मापाचा चिखल काढायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, जे उरेल ते मोजायचं. शिंपले, गोगलगायी, खेकड्यांची पिल्लं, नाना जातींचे किडे असतील तर बरं चाललंय. कॅपिटेला नावाचा बारीक लालसर किडा सोडून बाकी सगळे नाहीसे झाले, तर त्या जागी सेंद्रिय घाण साचतेय. पहिल्या वर्षी जाती ओळखता आल्या नाहीत तरी नमुना जपून ठेवा, वर्षं-जागा-तिथी लिहून. ओळखणारा नंतर येऊ शकतो, चिखल मागे जाऊन घेता येत नाही.

तिवराची फांदीही तोडू नका. २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कांदळवनाला संरक्षण आहे आणि २०१२ पासून वनखात्याचा कांदळवन कक्षही आहे. त्यांना आधी कळवा. ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या दिशेला दर संकष्टीला एक फोटो काढलात तरी तिवर पुढे सरकतंय की मागे हटतंय ते काही वर्षांत दिसेल.

मुठाकाठची
जुन्या यादीचं मोल काय असतं त्याचं पुण्यातलंच उदाहरण देते. १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. त्या वेळी त्यांनी फक्त काय सापडतं ते लिहून ठेवलं. पण नंतरच्या पुणेकर अभ्यासकांना मुळा-मुठेतले कुठले मासे गेले आणि बाहेरून कुठले आले हे सांगता आलं ते त्या यादीमुळे. यादी नसती तर आज जे आहे तेच पूर्वीपासून असं आपण धरून चाललो असतो. खाडीकाठ, तुमच्या काकांच्या पिढीकडून आत्ताच माशांची यादी लिहून घ्या. कुठल्या वळणावर, कुठल्या महिन्यात, कुठल्या जाळ्यात. तोंडी आठवणीला पुरावा मानू नका, पण ती हरवूही देऊ नका.

जिताडाप्रेमी
जिताड्यावर गंभीरपणे लिहितो. हा मासा वाढतो गोड्या-मचूळ पाण्यात आणि अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात जातो. आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठे जिताडे उचलले की माद्याच संपतात. आणि खारेपाटातल्या (खाडीकाठच्या खारजमिनीच्या पट्ट्यातल्या) तळ्यांत सोडायला पिल्लं खाडीतूनच पकडून आणतात. त्यामुळे 'पिल्लं मिळत नाहीत' याचं कारण पाणी असेल, मोठ्यांची मासेमारी असेल किंवा पिल्लांचीच उचल असेल. फक्त पाणी मोजून हे सुटणार नाही. मिळालेल्या माशाची लांबी लिहा.

सह्यवारा
हाच मुद्दा मला पुढे न्यायचाय. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात १९६९ पासून नोंद चालू आहे. १९९९ नंतर तिथे वनस्पतिप्लवक वाढायला लागले. सांडपाण्यातलं खत वाढलं असणार असंच कुणीही म्हणालं असतं. पण तो आकडा वाढलेला नव्हता. बाहेर प्रशांत महासागराचं पाणी थंड झालं होतं, त्यामुळे चपटे मासे, खेकडे आणि कोळंबी उपसागरात वाढली, त्यांनी शिंपले फस्त केले, आणि प्लवक गाळून खाणारं कुणी उरलं नाही. कारण होतं समुद्रात, परिणाम दिसला खाडीत. तीस वर्षं पाणी आणि जीव दोन्ही लिहिले होते म्हणून हे उलगडलं.

तुमच्याकडे असं बाहेरचं कारण म्हणजे भिरा. विजेच्या गरजेप्रमाणे पाणी सुटतं, म्हणून उन्हाळ्यातही वरच्या खाडीला गोडं पाणी मिळतं. ते किती सुटलं आणि कधी, तो आकडा मिळवायचा प्रयत्न करा. त्याशिवाय क्षारतेचा आलेख वाचता येणार नाही.

वाचनमात्र
इतकं सगळं मोजून पुढे खाडी सुधारते का? की नुसती मरणाची नोंद?

निवटी
सुधारते. टेम्स नदीचा लंडनजवळचा भरतीचा पट्टा १९५७ मध्ये जैविकदृष्ट्या मेलेला ठरवला होता. सांडपाण्याची केंद्रं सुधारली, आणि मासे परतले ते कळलं वीजकेंद्रांच्या पाणी ओढणाऱ्या जाळ्यांवर अडकलेले मासे नीट मोजत गेल्यामुळे. १९७४ मध्ये सॅमन मासा सापडला. आपल्याकडे ओडिशातलं चिल्का सरोवर घ्या. मुख गाळानं बुजत होतं, क्षारता उतरली होती, १९९३ साली धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत गेलं. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवं मुख उघडलं, क्षारता आणि मासळी दोन्ही सावरली, २००२ मध्ये त्या यादीतून नाव निघालं. कुठे उघडायचं हे ठरवायला आणि उघडल्यावर काय झालं हे सांगायला आकडे लागले.

पेठकरी
खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रही बंदरं आणि खाड्यांच्या प्रतिकृती बांधून अभ्यास करतं. १९१६ पासूनची संस्था. समुद्रापासून इतक्या दूर पुण्यात बसून भरती-ओहोटीचं काम होतं, मग हा धागा पुण्यात निघाला यात नवल नाही.

जुनीवही
एक अनुभव, मनाला लागलेला. एका कार्यालयात मी काम करत असताना पाण्याच्या जुन्या नोंदवह्या होत्या, हातानं लिहिलेल्या, नेटक्या अक्षरात. जागा बदलली तेव्हा त्या रद्दीत गेल्या. ज्यांनी उन्हातान्हात जाऊन ते आकडे आणले त्यांतलं कुणी तेव्हा तिथे नव्हतं, आणि जे होते त्यांना ते काय आहे ते कळलं नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: वहीच्या पहिल्या पानावर लिहा की ही वही कशाची, कुणाची, आणि ती कुणाला द्यायची. पेन्सिलनं लिहा, शाई भिजते. त्याच संध्याकाळी पानाचा फोटो काढून निदान तीन घरी पाठवा. आणि पद्धत बदलली तर कुठल्या दिवसापासून बदलली ते ठळक लिहा. जुनी आणि नवी पद्धत वर्षभर जोडीनं चालवा, मगच जुनी सोडा.

अष्टमीकर
अधिक मासाचं काय करायचं? चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, तुलना सरकत जाईल.

भांगउधाण
नमुना तिथीनं, तुलना इंग्रजी तारखेनं. वहीत दोन्ही रकाने ठेवा. पाऊस तिथी बघून येत नाही, त्यामुळे जुलैची तुलना जुलैशीच.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्यातून जे ठरलं ते असं. रविवार रद्द. एकादशीला पाणी, संकष्टीला चिखल आणि तिवरांचे फोटो. जागा तीन: साळावच्या पुलाजवळ, गावाच्या धक्क्यावर आणि वर रोह्याच्या अंगाला, तिथली वेळ भरती पोचायच्या उशिराप्रमाणे. क्षारता, तापमान, सेकी, विंकलर, वर आणि तळ. माशांची लांबी धक्क्यावर. गावातली दोन मुलं आणि शाळेतल्या बाई तयार आहेत, मानधन आम्ही पुण्यातले वाटून घेऊ. भिऱ्याच्या पाण्याच्या आकड्यांसाठी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय.

रसशाळा, विंकलर शिकवायला एक दिवस द्याल का? घर कोथरूडला आहे, बाटल्या आणि रसायनं आणून ठेवतो.

रसशाळा
येतो. अझाइड विषारी आहे, आम्ल तीव्र आहे, म्हणून हातमोजे आणि चष्मे माणशी एक. मुलांनाही पुण्याला बोलवा, हात त्यांचे बसायला हवेत. आणि उरलेली रसायनं खाडीत ओतायची नाहीत, बंद कॅनमध्ये भरून पुण्याला परत आणायची. त्या कॅनची जबाबदारी कुणाची ते आधी ठरवा.

मुठाकाठची
कॅन मी आणते. दर महिन्याला अलिबागला जाणं असतंच.